लोकरीच्या धाग्याएवढी धार

स्टुटगार्ट शहर डोंगरांच्या खोलगटात वसलं आहे. चढावरच्या घरांकडे जायला रस्त्यांपेक्षा दगडी पायऱ्याच जास्त. अशाच एकशे चौदा पायऱ्या चढून गेलं, की गोट्लोब रीकर यांचं घर लागे. घर अरुंद, दोन मजल्यांचं, वर उतरत्या कौलांखाली एक खोली. त्या खोलीत १९६० सालापासून श्रीरंग माने राहत होता. तो मूळचा माण तालुक्यातल्या म्हसवडचा. शिष्यवृत्तीवर इथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तंत्रविद्यापीठात, आला होता आणि नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातली उष्णता कशी कमी होत जाते, यावर प्रबंध लिहीत होता.

रीकरांचं सारं आयुष्य नळ्यांमध्येच गेलं होतं. त्यांच्या धंद्याला तिकडे फ्लाश्नर म्हणतात. नळ जोडणं, पन्हाळी बसवणं, पत्र्याचं काम, घर तापवायची यंत्रणा, सगळं त्यात आलं. चौदाव्या वर्षी हातात पाना घेतला तो साठाव्या वर्षी खाली ठेवला. आपण बसवलेला नळ हिवाळ्यात कधी फुटला नाही, असं ते सांगत. सांगताना छाती फुगवत नसत. एखादा माणूस आपल्याला दम्याचा त्रास नाही असं सांगेल, तसं सांगत. दमा मात्र त्यांना होता. दम्याहून वाईटही काही छातीत होतं, पण त्याचं नाव घरात कोणी काढत नसे.

युद्धात बॉम्ब पडून त्यांचं घर अर्धं गेलं. सत्तेचाळीस साली नवरा-बायकोनं ते आपल्या हातांनी उभं केलं. त्यांची बायको लुईजबाई ढिगाऱ्यातल्या विटा उचलून हातोडीनं त्यांचा जुना चुना काढी आणि रीकर त्या लावत. विटा पुरल्या नाहीत म्हणून उत्तरेची भिंत एकेरीच राहिली. नळ्या पडक्या घरांतून गोळा केलेल्या होत्या, कमी पडत होत्या. म्हणून तळघरातून वर जाणारी पाण्याची नळी त्यांनी त्याच भिंतीतून, सर्वांत जवळच्या वाटेनं नेली. प्रत्येक मजल्याला वेगळा कॉक बसवायलाही तेव्हा मिळाला नाही. “दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं,” ते म्हणत. पुढे चांगले दिवस आले, तेव्हा दुसऱ्यांची कामं संपली नाहीत. स्वतःच्या भिंतीला हात लावायचं राहूनच गेलं.

श्रीरंगवर त्यांचा जीव होता, पण ती माया ते टोमण्यांतूनच दाखवत. कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जाळणारी भट्टी तळघरात होती. तिच्यावरच्या टाकीतलं पाणी तापलं की आपोआप वर चढे, आणि थंड झालेलं पाणी दुसऱ्या नळीनं खाली येई. पंप नाही, वीज नाही. “तुमच्या वहीत उष्णता कमी होत जाते, हेर माने,” रीकर म्हणायचे. हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. “माझ्या घरात ती थेट भाडेकऱ्याच्या खोलीत जाऊन बसते. कोक मी आणतो आणि शर्टाच्या बाह्या तुम्ही वर करता.”

बासष्ट सालच्या सप्टेंबरात त्यांची मुलगी हिल्डे हॅम्बर्गहून आली. तिचा नवरा बंदरात नोकरीला होता. त्यांना नव्या इमारतीत तीन खोल्यांचं घर मिळालं होतं आणि त्यातली एक तिनं आईवडिलांसाठी ठेवली होती. ती आधी डॉक्टरांना भेटून मग घरी आली, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून शांतपणे बोलली. वडिलांना तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत, आईची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत. असं घर आता ओढायचं कोणी? रीकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. पुढचा हिवाळा त्यांच्या वाट्याला आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून हा एक हिवाळा त्यांना आपल्या भिंतींमध्ये हवा होता. असं त्यांनी बोलून मात्र दाखवलं नाही. ते एवढंच म्हणाले, की हिवाळ्यात या घरातली ऊब किंवा पाणी एकदा जरी बंद पडलं तर मी पेटी भरीन.

हिल्डेनं ते शब्द पकडले. “एकदा जरी?”

“एकदा जरी.”

श्रीरंग तेव्हा जिन्यात होता. त्याच्या मनात आलं, की या पैजेत आपणही आहोत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी घराची तयारी निघाली. एरवी रीकर एकटे करत. या वेळी ते तळघरात भट्टीसमोर एका खोक्यावर बसले आणि श्रीरंगनं हात चालवले. आधी धुराड्याची काजळी खरवडून काढली. मग बागेतल्या नळाकडे जाणारं पाणी तळघरातून बंद केलं, नळीत उरलेलं पाणी खालच्या छोट्या तोटीतून बादलीत काढलं, आणि बागेतला नळ उघडाच ठेवला. तळघराच्या खिडकीत पेंढा दाबला. पाण्याच्या मीटरभोवती लाकडी खोकं ठेवून त्यात भुसा भरला. शेवटी कौलांखाली, जिथं तापलेल्या पाण्याला फुगायला जागा म्हणून एक छोटी टाकी होती, तिला जुन्या रजईनं गुंडाळलं.

मग खोल्यांमधले रेडिएटर. उन्हाळ्यात त्यांत हवा साठते. चौकोनी किल्ली अर्धा आटा फिरवली की हवा फुसकन निघते आणि पाण्याचा थेंब आला की लगेच बंद करायचं. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर वर जायचं. रीकरांना वर चढता येत नव्हतं आणि ओरडायला छातीत दम नव्हता. म्हणून त्यांनी जुन्या कामगारांची रीत शिकवली. एक खोली झाली की श्रीरंगनं किल्लीनं नळीवर दोनदा ठोकायचं. खालून रीकर एकदा ठोकणार: ऐकलं, पुढे चला. लोखंडातून तो आवाज साऱ्या घरात फिरायचा. स्वयंपाकघरातून लुईजबाई म्हणाल्या, की लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण आमच्यात इतकं बोलणं कधी झालं नाही.

काम झाल्यावर तिघं जेवायला बसली. मसूर आणि श्पेट्झ्ले, म्हणजे हातानं पाडलेल्या जाड शेवया. मसूर पाहून श्रीरंगला घरची आठवण व्हायची आणि त्या दिवशी तो बोलत सुटला. माणगंगेचं पात्र वर्षातले आठ महिने कोरडं असतं. त्याची आई पहाटे वाळूत हातभर खड्डा खणायची, पाणी झिरपेपर्यंत बसायची आणि वाटी वाटीनं घागर भरायची. एक घागर भरायला तासभर लागे. शाळेतून आल्यावर तो कावडीनं पाणी वाहायचा. साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यानं पहिल्यांदा नळ पाहिला, आणि कुणी तो नीट बंद न करता गेलं, की जेवणावरून उठून बंद करून यायचा. मुलं मुद्दाम नळ सोडून ठेवत आणि त्याची गंमत बघत.

लुईजबाई स्वतः काटकसरी बाई. भाजी धुतलेलं पाणी त्या जिना पुसायला ठेवत. त्यांना ही गोष्ट फार आवडली. रीकर मात्र घास काट्यावर धरून बराच वेळ श्रीरंगकडे बघत राहिले.

त्या वर्षी थंडी अशी पडली, की म्हाताऱ्या माणसांनाही तशी आठवत नव्हती. बोडनसेचा प्रचंड तलाव इतका गोठला, की लोक त्यावरून चालत स्वित्झर्लंडला जाऊन आले. जानेवारीत पारा उणे अठरावर गेला. श्रीरंग सकाळी सातला आणि संध्याकाळी परतल्यावर भट्टीत कोक घाली, राख काढी, मगच आपल्या खोलीत जाई. घर उबदार होतं, पाणी येत होतं. हिल्डेचं पत्र आलं, की “बाबा, अजून?” आणि रीकरांनी उलट टपाली कार्डावर एकच शब्द लिहिला, “अजून.”

जानेवारीतलाच एक शनिवार होता. शनिवारी लुईजबाईंची केरवोखे असे, म्हणजे जिना वरपासून खालपर्यंत झाडून पुसायचा. तिकडे हा नेम धर्मासारखा पाळतात. श्रीरंग प्रयोगशाळेतून परतला तेव्हा खालच्या खोलीत रीकर खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं, चेहरा राखेच्या रंगाचा. लुईजबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं बूट काढून हातात घेतले, भट्टीचं काम आवाज न करता केलं आणि वर गेला. त्याच्या खोलीबाहेर, जिन्याच्या शेवटी, हात धुवायचं एक भांडं उत्तरेच्या भिंतीला लावलेलं होतं. त्याचा नळ वाहत होता. धार बारीक, पण अखंड.

लुईजबाईंनी पुसण्यासाठी बादली भरली असणार आणि त्या वाकड्या बोटांना नळ नीट आवळता आला नसणार, असं त्याला वाटलं. सकाळपासून किती पाणी गेलं असेल?  त्यानं नळ घट्ट बंद केला. बाईंना सांगितलं तर त्यांना आपल्या हातांची लाज वाटेल, म्हणून सांगायचं नाही असंही ठरवलं. तोंड पुसलं, दिवा लावला आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण काढून बसला. वाहतं पाणी कोणत्या वेगाला गोठत नाही, याचं कोष्टक त्या प्रकरणात होतं. ते त्यानं स्वतः केलेलं होतं.

रविवारी सकाळी नळ उघडला तर पाणी नाही. तो खाली आला. स्वयंपाकघरातला नळही कोरडा. चर्चला निघालेल्या लुईजबाई टोपी घालून उभ्या होत्या. त्यानं सांगितलं आणि त्या तशाच खुर्चीवर बसल्या.

“पण गोट्लोबनं तर काल धार सोडली होती,” त्या म्हणाल्या.

मग त्याला कळलं. पारा उणे पंधराच्या खाली गेला, की रीकर सर्वांत वरचा नळ थोडा सोडून ठेवत, म्हणजे उत्तरेच्या भिंतीतलं पाणी हलत राहतं आणि गोठत नाही. श्रीरंग राहायला आल्यापासून तशी थंडी याआधी पडली नव्हती. काल दुपारी बाई बाजारात गेल्या असताना ते एकटे दोन जिने चढले. बाई परत आल्या तेव्हा ते निम्म्या जिन्यात बसलेले सापडले. चढायला आणि उतरायला मिळून त्यांना पाऊण तास लागला होता. श्रीरंगला सांगितलं असतं तर त्यानं केलं असतं, पण धार किती ठेवायची हे शब्दांत सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जास्त सोडली तर खालचं भांडं तुंबून गोठतं, कमी सोडली तर नळी. लोकरीच्या धाग्याएवढी हवी. संध्याकाळी हेर माने आले की सांगतो, असं म्हणून ते खुर्चीत टेकले ते झोपलेच.

श्रीरंगनं त्यांच्यासमोर जाऊन उभं राहून सांगितलं, नळ मी बंद केला. रीकरांनी डोळे मिटले. मग कामाला लागल्यासारखे ते म्हणाले, आधी तळघरातला मुख्य कॉक बंद करा. तो बंद करून झाल्यावर त्यांनी गरम पाण्यात पिळलेली फडकी वरच्या टोकापासून भिंतीला लावायला सांगितलं. शेजारणीकडून पाणी आणून श्रीरंगनं आणि लुईजबाईंनी दुपारपर्यंत फडकी बदलली. दोनच्या सुमाराला जिन्याचा भिंतीवरचा कागद एका जागी फुगला आणि त्याखालून ओघळ उतरला. एक बादलीभर पाणी आलं असेल. फूट स्वयंपाकघराच्या खाली होती, त्यामुळे वरच्या साऱ्या घराचं पाणी गेलं. गावातल्या प्रत्येक फ्लाश्नरकडे तीन आठवड्यांची रांग होती. आणि त्या थंडीत भिंत फोडून पुन्हा लिंपता आली नसती.

त्या संध्याकाळी श्रीरंग त्यांच्याजवळ बसला.  रीकरच आधी बोलले.

“ज्याच्या घरी पाणी खांद्यावरून येतं, तो वाहता नळ बंद करणारच. तुम्ही मसूर खाताना मला सगळं सांगितलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कारागिरानं भिंत ओळखायची असते, तसं माणूसही.”

“मी पाणी आणीन,” श्रीरंग म्हणाला. “उन्हाळ्यापर्यंत आणीन. मला येतं.”

आणि त्यानं आणलं, पायऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या घरातून. बर्फात काठी मोडू नये म्हणून शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातला एक वासा घेतला, दोन्ही टोकांना बादल्या लावल्या आणि कावड केली. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी तीन. पायऱ्यांवर राख टाकलेली असे, तरी खाली बघून चालावं लागे. बादल्यांतल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा यायचा. शेजारपाजारची माणसं खिडकीतून बघत आणि त्या ठेक्यात चालणाऱ्या परदेशी मुलाचं कौतुक करत. रीकर खिडकीशी बसून त्याच्या खेपा बघत, आणि वर आला की म्हणत, “हेर डॉक्टर, दाब कमी पडतोय आज.” भट्टी चालू होती. घरात ऊब होती. नऊ दिवस असे गेले, आणि श्रीरंगला वाटू लागलं, की निभेल.

पण लुईजबाई देवाला भिणाऱ्या. दर रविवारी लेकीला पत्र लिहायची सवय, आणि पत्रात खोटं लिहायची सवय नाही. दहाव्या दिवशी हिल्डे रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी दारात उभी राहिली. स्वयंपाकघरात भिंतीलगत भरलेल्या बादल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. आईची बोटं हातात घेऊन तिनं विचारलं, की अशा थंडीत वरचा नळ तर बाबा नेहमी सोडतात, यंदा काय झालं?

श्रीरंग पुढे झाला. त्याचा शब्द तोंडाबाहेर पडायच्या आत रीकर म्हणाले, “मीच बंद केला. वर गेलो, सोडला, आणि उतरताना बंद केला. डोकं चालत नाही आता माझं, हिल्डे.”

सेहेचाळीस वर्षांत ज्यांच्या हातचा नळ फुटला नव्हता, त्यांनी हे म्हटलं. लुईजबाईंनी मान खाली घातली, आणि त्या दिवशी त्यांनीही तोंड उघडलं नाही. श्रीरंगनं रीकरांकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली, नाही अशी. हिल्डे वडिलांच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं, आपलं खरं ठरलं.

पेट्या भरायला चार दिवस लागले. श्रीरंगनं रीकरांना खुर्चीसकट उचलून एका शेजाऱ्याच्या मदतीनं एकशे चौदा पायऱ्या खाली नेलं. मधे थांबले तेव्हा रीकरांनी मागे वळून घराकडे पाहिलं नाही. धुराड्याकडे पाहिलं. “काळा धूर येतोय,” ते म्हणाले. “खालची झडप थोडी उघडा.”

हॅम्बर्गहून एप्रिलमध्ये कार्ड आलं. इथे पाऊस फार, भिंती जाड, खिडकीखाली रेडिएटर आहे, पण भट्टी कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, असं त्यात होतं. मे महिन्यात मोठं पाकीट आलं. घर विकायचं ठरलं होतं, नवे मालक पुढच्या वसंतात येणार होते, तोवर घर रिकामं राहणार. श्रीरंगनं ऑक्टोबरअखेर खोली सोडायची होती. रिकामं घर हिवाळ्यासाठी कसं तयार करायचं, हे रीकरांनी थरथरत्या अक्षरांत चार पानं लिहून कळवलं होतं. ऑक्टोबरला अवकाश होता तरी घाईनं लिहिलं होतं. जुलैत ते गेले. लुईजबाईंच्या पत्रात होतं, की शेवटच्या आठवड्यात ते बोटांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकत असत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी श्रीरंगची ट्रंक दारात बांधून ठेवलेली होती. ती चार पानं घेऊन तो तळघरात गेला. लोक राहतात त्या घरात पाणी जपायचं असतं. रिकाम्या घरात एक थेंबही ठेवायचा नसतो. मुख्य कॉक बंद. भट्टीच्या तळाशी तोटीला रबरी नळी लावून सगळं पाणी परसातल्या गटारात. जानेवारीत फुटलेली नळी उन्हाळ्यात बदलून झाली होती, तिचंही पाणी काढायचं. रेडिएटर किल्लीनं उघडून हवा आत घ्यायची, या वेळी वरून खाली. शेवटच्या पानावर खाली रेघ मारून लिहिलं होतं: “घरातला प्रत्येक नळ उघडा ठेवा आणि तसाच सोडून या. हे तुम्हाला जड जाईल, हेर माने. तरीही.”

तो सर्वांत शेवटी वर गेला. जिन्याच्या टोकाचा नळ उघडला. आधी धार आली, मग ती बारीक होत गेली. बोटाएवढी, पेन्सिलीएवढी, मग लोकरीच्या धाग्याएवढी. तो धागाही तुटला, थेंब झाले, थेंब थांबले. नळातून घशात कफ अडकल्यासारखी हवा खरखरली आणि गप्प झाली. त्याचा हात आपसूक नळाकडे गेला. तिथेच थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो मागे घेतला.

खिशात चौकोनी किल्ली होती. ती खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवायची, असंही पानात लिहिलेलं होतं. अडकवण्याआधी त्यानं त्या किल्लीनं रेडिएटरच्या नळीवर दोनदा ठोकलं. पाणी नसलेल्या लोखंडाचा आवाज वेगळा होता, पोकळ, पण तो साऱ्या घरातून खाली तळघरापर्यंत गेला. पुढे जायला सांगणारा तो एक ठोका यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ तो उभा राहिला. मग त्यानं किल्ली खिळ्याला लावली आणि जिना उतरू लागला.